पाऊस पडला की तेरला मणी दिसतात

जूनमध्ये दोन-चार दणकून पाऊस झाले की तेर गावातल्या टेकड्यांवर जाऊन बघावं. खाली मान घालून, अगदी सावकाश चालावं. पावसानं धुतलेल्या उतारावर एखादा लालसर मणी चमकतो. शंखाच्या बांगडीचा बोटभर तुकडा दिसतो. कधी शिशाचं काळपट नाणं वर येतं, कधी मातीच्या बाहुलीचं हरभऱ्याएवढं नाक. या वस्तू कुणाच्या हातून काल-परवा पडलेल्या नाहीत. त्यातल्या कितीतरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत!

तेर हे गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठावर आहे. धाराशिव म्हणजे आधीचं उस्मानाबाद. गाव छोटंसं आहे, पण तिथं एक संग्रहालय आहे आणि त्यात वीस हजारांहून जास्त जुन्या वस्तू आहेत. मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांनीही हेवा करावा असा हा खजिना. तो कुणा राजानं जमवलेला नाही. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या, याच गावच्या एका गृहस्थांनी तो हौसेनं आणि चिकाटीनं गोळा केला. त्यांची गोष्ट सांगायचीच आहे, पण आधी मला तुम्हाला टेकडीवर न्यायचंय. कारण टेकडी कळली नाही, तर लामतुऱ्यांनी काय केलं तेही नीट कळणार नाही.

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जुन्या गावांच्या जागी पांढुरक्या-राखाडी मातीची टेकाडं दिसतात. आजूबाजूला सगळीकडे काळी कसदार जमीन आणि मधेच हे पांढरट टेकाड. लोक अशा जागेला पांढर किंवा पांढरी म्हणतात. शेताची ती काळी, गावठाणाची ती पांढरी. पण ही माती पांढरी झाली कशी? कुणी बाहेरून आणून टाकली का?

नाही. ती माणसांनी तयार केली, आणि तीही नकळत. पूर्वीची घरं कच्च्या मातीच्या भिंतींची असायची. चुलीतली राख रोज बाहेर पडायची. सारवण्याचं शेण, घराला लावलेला चुना, गोठ्यातला कचरा, सगळं तिथल्या तिथं. एखाद्या पावसाळ्यात भिंत खचायची. मग लोक काय करायचे? पडलेली माती सपाट करून त्यावरच नवी भिंत उभी करायचे. असं शेकडो वर्षं चाललं. घरावर घर, राखेवर राख. गाव हळूहळू वर वर सरकत गेलं आणि त्याची टेकडी झाली. तेरमध्ये अशा एक-दोन नाही, बऱ्याच टेकड्या आहेत. कोट टेकडी, बैराग टेकडी अशी त्यांची नावं आहेत.

आता पाऊस काय करतो ते पाहा. वाहतं पाणी बारीक, हलकी माती सहज उचलून नेतं. मणी, नाणं, खापराचा तुकडा त्या मानानं जड आणि मोठा असतो, तो जागीच राहतो. म्हणजे दर पावसाळ्यात टेकडीची एक पातळशी साय निघून जाते आणि आतल्या वस्तू उघड्या पडतात. शिवाय माणसंही टेकडी खणायची. ही पांढरी माती माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर टाकायला फार चांगली, पाणी झिरपू देत नाही. शेतात खत म्हणूनही लोक ती गाड्या भरभरून न्यायचे. त्या मातीबरोबर किती नाणी आणि किती बाहुल्या गेल्या असतील, त्याची मोजदाद नाही.

रामलिंगप्पा लामतुरे मधे पडले ते नेमके इथं. तेरच्या टेकड्यांवर, शेतांत, नदीकाठी जे जे उघडं पडत होतं, ते त्यांनी जमवायला सुरुवात केली. फुटकं खापर, अर्धी बाहुली, हत्तीची छाप असलेलं झिजलेलं नाणं, शंखाची बांगडी. बाजारात ज्याची दमडीही मिळणार नाही अशा वस्तूसुद्धा त्यांनी जपल्या. मला हे सगळ्यात मोठं वाटतं. सोन्याचं नाणं सापडलं तर ते कुणीही जपेल हो! नाक तुटलेली मातीची बाहुली जपायला वेगळी नजर लागते. पुढे त्यांचा हा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला गेला आणि आज तेरच्या शासकीय संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या छोट्या गावाच्या मातीत इतक्या वस्तू आल्या कुठून?

त्याचं उत्तर एका खलाशाच्या वहीत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणारा एक ग्रीक बोलणारा दर्यावर्दी व्यापारी होता. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. लाल समुद्रातून भारतापर्यंत जाताना कुठलं बंदर लागतं, तिथं काय विकत घ्यावं, काय विकावं, कुठे खडक आहेत आणि कुठे भरती जोराची असते, हे सगळं त्यानं लिहून ठेवलं. त्या पुस्तकाला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात तो सांगतो, की गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणहून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड येतात आणि तगरहून साधं कापड, तलम मलमल असं पुष्कळ कापड येतं. आणि हा सगळा माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला पोचतो.

तगर! एवढं मोठं शहर होतं तरी कुठे? अभ्यासकांनी बरीच वर्षं शोधाशोध केली. कुणी म्हणालं, देवगिरी. कुणी म्हणालं, जुन्नर. शेवटी 1901 साली जे. एफ. फ्लीट या अभ्यासकानं सांगितलं, की तगर म्हणजे आपलं तेर. त्यानंतर लवकरच पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझन्स तेरला आले आणि त्यांनी इथल्या टेकड्यांची आणि देवळांची सविस्तर हकिगत लिहिली.

फ्लीटचं म्हणणं तुम्हीही तपासून पाहू शकता. महाराष्ट्राचा नकाशा आणि पट्टी घ्या. पैठण ते तेर सरळ रेषेत साधारण 150 किलोमीटर भरतं. भागिले दहा दिवस. दिवसाला पंधरा किलोमीटर. वाट काही पट्टीसारखी सरळ नसते, म्हणून आणखी थोडे वाढवा. भरलेली बैलगाडी, वाटेत नद्या, बैलांना पाणी, दुपारची विश्रांती... जुळतंय की नाही? एक गोष्ट मात्र जुळत नाही. पेरिप्लसवाला ‘पूर्वेकडे’ म्हणतो आणि नकाशात तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. पण तो खलाशी काही पैठणहून बैलगाडीत बसून तेरला आलेला नसावा. आतल्या मुलखाबद्दल त्यानं भडोचच्या व्यापाऱ्यांकडून ऐकलं असणार. ऐकीव माहितीत दिशा एवढी चुकली, तरी दिवसांचा हिशोब बरोबर उतरला, याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

आणि ती जहाजं भारतापर्यंत यायची कशी, ठाऊक आहे? जो वारा आपल्याकडे पाऊस आणतो, त्याच नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर! इजिप्तहून जहाजं साधारण जुलैत निघायची. अरबी समुद्रावर वारा नैर्ऋत्येकडून वाहत असायचा, तो शिडं भरून थेट भारताकडे ढकलायचा. हिवाळ्यात वारा उलटा फिरला की माल भरून परत. म्हणजे ज्या वाऱ्यांनी तगरचा माल न्यायला जहाजं आणली, तेच वारे आज पाऊस पाडून तगरच्या वस्तू उघड्या करताहेत.

संग्रहालयातल्या काही वस्तूंची आता नीट ओळख करून घेऊ. सगळ्यांची शक्य नाही, मला आवडणाऱ्या दोन-चारांचीच.

पहिली वस्तू अगदी छोटी आहे. मातीची गोल चकती, रुपयाच्या नाण्याएवढी, वर दोरा ओवायला जागा. चकतीवर रोमन सम्राटाचा चेहरा! तेरसारख्या दख्खनमधल्या जुन्या व्यापारी गावांत अशा चकत्या सापडल्या आहेत. रोमन नाण्यावरून साचा काढून त्या बनवल्या आणि गळ्यात घातल्या. खरं सोन्याचं रोमन नाणं सगळ्यांना थोडंच परवडणार? मग मातीचं करा, भाजा आणि मिरवा. दोन हजार वर्षांपूर्वीची फॅशन!

ही चकती तुम्हाला घरी करता येईल. शाडूच्या गोळ्यावर पाच रुपयांचं नाणं दाबा. ठसा उलटा येईल. हा साचा पूर्ण वाळू द्या. मग त्याला किंचित तेल लावून त्यात ओली शाडू दाबा आणि अलगद काढा. आता चित्र सुलटं. ही चकती वाळली की मूळ नाण्याशेजारी ठेवून पट्टीनं मोजा. लहान भरेल! माती वाळताना तिच्या कणांमधलं पाणी निघून जातं, कण जवळ येतात आणि वस्तू आक्रसते. भट्टीत भाजल्यावर ती आणखी आक्रसते. साचा एकदा आक्रसला, त्यातून काढलेली चकती पुन्हा आक्रसली. त्यामुळे अशी नक्कल मूळ नाण्यापेक्षा नेहमी थोडी लहानच निघते.

दुसरी वस्तू शंखाची बांगडी. यात विशेष काय, असं म्हणाल. पुन्हा नकाशा काढा. तेरपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. तरीही शंख इथवर आले, करवतीनं कापले गेले, घासून गुळगुळीत झाले आणि कुणाच्या तरी मनगटात चढले. अकीकाचा मणीही असाच. अकीक आपल्याच दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार होतो, पण इतका कठीण असतो की साध्या सुरीनं त्यावर ओरखडा उठत नाही. त्याला आरपार बारीक छिद्र पाडायचं म्हणजे केवढी कसोटी! कारागीर दोन्ही टोकांकडून छिद्र पाडत येतो आणि दोन्ही छिद्रं मध्यावर भेटवतो. गुजरातेत खंबायतचे कारागीर दोरीनं फिरवायच्या हत्याराच्या टोकाला हिऱ्याच्या कण्या बसवून हे काम करत आले आहेत. कुठल्याही संग्रहालयात अकीकाचा फुटलेला मणी दिसला तर त्याच्या मधोमध बघा. दोन छिद्रं जिथं भेटली, तिथं बारीकशी पायरी असते.

आणि आता ती. तेरची हस्तिदंती मूर्ती.

हस्तिदंतात कोरलेली ही एक स्त्री आहे, दागिन्यांनी मढलेली. तिची गोष्ट इटलीत जाते. सन 79 मध्ये व्हेसुव्हियस नावाच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं. 1938 साली तिथं एका घराचं उत्खनन करताना पुरातत्त्वज्ञांना सुमारे 25 सेंटीमीटर उंचीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. रोमन देवता? छे! केसांची रचना, कमरेची मेखला, पायांतले भरगच्च दागिने, सगळं भारतीय. दोन्ही बाजूंना दोन छोट्या सेविका. त्या घराला आता ‘भारतीय मूर्तीचं घर’ असंच म्हणतात आणि मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्यासारख्या मूर्ती भारतात शोधायला गेल्यावर जी नावं पुढे आली, त्यांत दोन मराठवाड्यातली होती. एक आपलं तेर आणि दुसरं जालना जिल्ह्यातलं भोकरदन. भोकरदनच्या उत्खननात तशाच हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा खालचा भाग सापडलाय.

मग पॉम्पेईची मूर्ती मराठवाड्यातच बनली का? काही अभ्यासकांना तसं वाटतं. पण तिच्या तळाशी एक अक्षर कोरलेलं आहे आणि ते खरोष्ठी लिपीतलं आहे. ही लिपी वायव्य भारतात चालायची, दख्खनमध्ये नाही. म्हणून वाद अजून मिटलेला नाही. एवढं मात्र पक्कं, की तिचा प्रवास 79 सालच्या आधी झाला. एरवी जुनी वस्तू नेमकी कधीची हे ठरवताना अभ्यासकांना घाम फुटतो. इथं ज्वालामुखीनंच तारखेचा शिक्का मारून ठेवला! याच स्फोटात प्लिनी नावाचा रोमन लेखक मरण पावला. त्यानं आपल्या ग्रंथात तक्रार करून ठेवली होती, की भारत दर वर्षी रोमच्या तिजोरीतून पाच कोटी सेस्टर्स नेतो. सेस्टर्स म्हणजे रोमन नाणी. एका बाजूला ही तक्रार आणि दुसऱ्या बाजूला पॉम्पेईच्या घरात मांडलेली ही भारतीय बाई!

हस्तिदंत ओळखायचा कसा, तेही सांगून टाकते. हाडाची वस्तू आणि हस्तिदंताची वस्तू वरवर सारखीच दिसते. पण हस्तिदंताच्या आडव्या कापावर बारीक वाकड्या रेघा एकमेकींना छेदत गेलेल्या असतात आणि त्यांची जाळी दिसते. हाडात अशी जाळी नसते. भिंगातून बघणारा अभ्यासक त्यावरूनच ठरवतो.

तेरच्या ज्या वस्तूंवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, त्या मात्र हस्तिदंताच्या नाहीत. त्या मातीच्या आहेत. केओलिन नावाच्या, अगदी तलम पांढऱ्या मातीच्या बाहुल्या. डोक्यावर केवढी ती केशरचना, कानांत केवढी ती कुंडलं! आणि उचलली तर हलकी, कारण आतून पोकळ. गणपतीच्या कारखान्यात साचे पाहिलेत ना? तीच युक्ती. एक साचा पुढच्या बाजूचा, एक पाठीचा. दोन्हीत मातीचा पातळ थर दाबायचा, मग दोन्ही अर्धे ओले असतानाच एकमेकांना चिकटवायचे. बाहुलीच्या कडेला, कानाच्या मागे नीट पाहिलं तर जोडाची रेघ दिसते. बाहुली पोकळ का करायची? माती वाचावी म्हणून, असं वाटेल. खरं कारण भट्टीत आहे. भरीव जाड गोळा आतपर्यंत नीट वाळत नाही. तो भट्टीत गेला की आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि वस्तू फुटते. पातळ थर सगळीकडून सारखा वाळतो आणि सारखा भाजतो.

भाजण्याचा विषय निघालाय आणि गाव तेर आहे, म्हणजे गोरोबाकाकांची आठवण होणारच. संत गोरा कुंभार याच तेरचे. त्यांची समाधी तेरणेच्या काठी आहे. एकदा त्यांच्याकडे सगळे संत जमले होते. मडकं थापून घडवायचं लाकडी थापटणं मुक्ताबाईंनी पाहिलं आणि विचारलं, याचं काय करतात? गोरोबा म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग त्यांनी ते थापटणं एकेका संताच्या डोक्यावर हळूच मारून पाहिलं. नामदेवांना त्याचा राग आला, आणि गोरोबांनी निकाल दिला, हे मडकं अजून कच्चं आहे. ही कथा तुम्ही ऐकलेली असेल. पण त्यात मातीचं जे शास्त्र आहे तिकडे कधी लक्ष गेलंय का?

बाजारात मडकं घेताना आजी बोटानं टकटक करते. नीट भाजलेलं मडकं खणखणतं. कच्चं किंवा तडा गेलेलं मडकं बद्द वाजतं. असं का? मातीचे कण मुळात एकमेकांपासून सुटे असतात. ओली माती वाळली की कणांमधलं पाणी उडून जातं, पण ती पुन्हा भिजवली की परत चिखल. हे कितीही वेळा करता येतं. पण तीच माती आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, गेली आणि तापमान साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं, की वेगळंच काहीतरी घडतं. मातीच्या कणांच्या रचनेतच जे पाणी बांधलेलं असतं, तेही बाहेर पडतं. रचना बदलते, आच आणखी वाढली की कण एकमेकांना घट्ट धरतात. आता ती माती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. काहीही करा, दोन हजार पावसाळे तिच्यावर पडू द्या, ती विरघळत नाही. आणि कण एकमेकांना जुळलेले असल्यामुळे टकटक केल्यावर कंप सगळ्या मडक्यात पसरतो आणि ते खणखणीत वाजतं.

तगर शहर कुठे गेलं, तेही आता लक्षात येईल. घरांच्या भिंती कच्च्या मातीच्या, त्या विरघळून टेकडी झाल्या. त्याच घरांतली मडकी, दिवे, बाहुल्या भाजलेल्या मातीच्या, त्या टेकडीच्या पोटात शाबूत राहिल्या. माती एकाच गावची, पण आव्यात जाऊन आलेली टिकली.

भाजण्यातही किती कौशल्य होतं! त्या काळची काही मडकी तोंडाकडे आणि आतून काळी, बाकी लाल अशी असतात. रंग लावलेला नाही बरं का. मातीत लोह असतं. भट्टीत भरपूर हवा मिळाली की लोहाचा लाल रंग येतो. मडकं पालथं घालून भाजलं, तर तोंडाजवळ आणि आतल्या बाजूला हवा पोचत नाही, तो भाग धुरानं काळा होतो. एकाच भाजणीत दोन रंग! आणि केओलिनमध्ये लोह नसल्यात जमा असतं, म्हणून त्या बाहुल्या भाजूनही पांढऱ्याच राहतात.

आता एक अवघड गोष्ट सांगायची आहे. ती सांगितली नाही तर हा लेख अर्धवट राहील.

टेकडीवरून उचललेली वस्तू आणि उत्खननात मिळालेली वस्तू यांत मोठा फरक असतो. घरात रद्दीची चळत असते ना? रोज वर्तमानपत्र वरून ठेवलं जातं, म्हणून तळाचा अंक सगळ्यात जुना. मधला एखादा अंक कुणी ओढून काढला आणि त्यावरची तारीख फाटली, तर तो कधीचा हे सांगणं कठीण. टेकडीचे थरही तसेच. उत्खनन करणारे माती ब्रशनं आणि खुरप्यानं अगदी थोडी थोडी काढतात, प्रत्येक थराला क्रमांक देतात आणि कुठली वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी मिळाली ते लिहून ठेवतात. बाहुलीशेजारी दोन हजार वर्षांपूर्वी इथं राज्य करणाऱ्या सातवाहन राजाचं नाणं मिळालं, की बाहुलीचं वय कळायला मोठी मदत होते. तेरला असं शास्त्रशुद्ध उत्खनन 1958 साली झालं आणि त्यानंतरही वेगवेगळ्या वेळी झालं.

लामतुऱ्यांनी जमवलेल्या वस्तू पावसानं आणि नांगरानं आधीच जागेवरून हलवलेल्या होत्या. त्यांचा थर हरवला होता. मग त्या निरुपयोगी का? मुळीच नाही! उत्खननात एखाद्या पक्क्या थरात बाहुलीचा लहानसा तुकडा मिळतो आणि तशीच अख्खी बाहुली लामतुऱ्यांच्या संग्रहात असते. तुकड्यानं वय सांगितलं, अख्खीनं रूप दाखवलं. दोघांचं मिळून काम होतं. आणि लामतुऱ्यांनी त्या वेळी उचलल्या नसत्या, तर त्या वस्तू नांगराखाली भुगा झाल्या असत्या किंवा कुठल्या तरी माळवदावर जाऊन पडल्या असत्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेरच्या वस्तू तेरमध्येच राहिल्या. ती बाहुली ज्या टेकडीतून निघाली, ती टेकडी संग्रहालयातून बाहेर पडून तुम्हाला पायी बघता येते. मुंबई-पुण्याच्या काचेच्या कपाटात हे सुख नाही.

तुमच्या गावाला पांढर असेल तर? आधी हे पक्कं लक्षात ठेवा, की खणायचं नाही. खणलं की थर मोडले, आणि मोडलेला थर कुणालाही परत जोडता येत नाही. उघड्यावर काही दिसलं तर हात लावण्याआधी फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. जागा कागदावर काढा. कुठल्या झाडापासून किती पावलं, उतारावर वरच्या बाजूला की खालच्या, आणि तारीख. मग बाईंना किंवा सरांना दाखवा आणि जिल्ह्याच्या संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवायला सांगा. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना कायद्यानं संरक्षण आहे, आणि जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो कायदा 1878 सालचा आहे!

पण शाळेत संग्रहालय करायला दोन हजार वर्षांची वस्तू कशाला हवी? आजोबांचा कंदील आणा. दाराआडचं जातं, पायली-मापटं, पाटा-वरवंटा, जुनी मोट, बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ आणा. प्रत्येक वस्तूला एक कार्ड करा. कुणाच्या घरची, कुणी वापरली, कशी वापरायची, शेवटची कधी वापरली. हे शेवटचे दोन प्रश्न घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचे आणि त्यांच्याच शब्दांत लिहायचे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाहुलीचं असं कार्ड कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून तर एवढे अभ्यासक डोकं खाजवताहेत.

तेरला गेलात तर संग्रहालयाबरोबर दोन देवळं नक्की पाहा. एक त्रिविक्रमाचं. त्याची मागची बाजू गोलाकार आहे आणि विटांचं छत घोड्याच्या नालासारखं वळलेलं. लेण्यांमधली चैत्यगृहं, म्हणजे बौद्ध प्रार्थनेची दालनं, डोंगरात कोरलेली असतात, इथं तोच घाट विटांनी बांधलाय. आपल्या देशात विटांची अशी इमारत उभी राहिलेली फार थोड्या ठिकाणी आहे. दुसरं उत्तरेश्वराचं. त्याची नक्षीदार लाकडी दारचौकट आता संग्रहालयात ठेवली आहे. शेकडो वर्षं टिकलेलं लाकूड! ऊन, पाऊस, वाळवी, सगळ्यांतून वाचलेलं.

आणि इथल्या जुन्या देवळांच्या काही विटांची तर गंमतच आहे. त्या पाण्यावर तरंगतात! खरंच. साधी वीट पाण्यापेक्षा दीड-पावणेदोन पट जड असते, म्हणून बुडते. या विटांच्या मातीत धान्याची तुसं भरपूर मिसळलेली होती. भट्टीत माती पक्की झाली आणि तुसं जळून गेली. जिथं तूस होतं तिथं पोकळी राहिली, पोकळीत हवा. विटेचं वजन एवढं कमी झालं की पाण्यानं तिला उचलून धरलं. वर कळसापर्यंत विटा चढवायच्या तर हलक्या विटा किती सोयीच्या, आणि खालच्या भिंतींवर भारही कमी.

करून बघायचंय? एक वाटी चाळलेली माती आणि एक वाटी साळीची तुसं घ्या. पाणी घालून मळा, काड्यापेटीएवढी वीट पाडा. दुसरी वीट एक वाटी मातीत दोन वाट्या तुसं घालून पाडा. तिसरी नुसत्या मातीची. तिन्हींवर काडीनं खूण करा. आठवडाभर सावलीत वाळवा, मग मोठ्या माणसांबरोबर जवळच्या कुंभाराकडे किंवा वीटभट्टीवर नेऊन भाजायला द्या. भाजून आल्यावर तिन्ही वजनकाट्यावर तोला आणि मग बादलीत सोडा. एखादी बुडालीच तर तुसांचं प्रमाण वाढवून पुन्हा करा. जी तरंगेल ती लगेच बाहेर काढू नका. छिद्रांत हळूहळू पाणी शिरतं आणि ती जड होत जाते. किती वेळ तरंगली ते घड्याळ लावून मोजा, आणि तुसांच्या वाट्या किती होत्या ते शेजारी लिहायला विसरू नका.